एकाच बोर्डावर भागेल का? लाँगबोर्ड विंडसर्फरच्या चाचणीच्या नोंदी

२ मार्च

विंडसर्फिंगचा, म्हणजे शीड लावून उभ्यानं चालवायचा, लांब बोर्ड ताब्यात आला. लांबी ३.५ मीटर, रुंदी ७० सेंटिमीटर, आकारमान २२० लिटर, वजन साधारण १८ किलो. पोटात घडी होऊन जाणारा डॅगरबोर्ड (मधोमध पाण्यात उतरणारं, आडवं सरकणं थांबवणारं पातं), मास्टचा म्हणजे डोलकाठीचा पाया पुढेमागे सरकवायची पट्टी, शेपटीकडे फूटस्ट्रॅपसाठी (पाय अडकवायच्या पट्ट्यांसाठी) भरपूर भोकं आणि शेपटीखाली ४६ सेंटिमीटरचा फिन, म्हणजे न हलणारं पातं. उसना आहे, मेच्या मध्यापर्यंत परत करायचाय.

तोवर एका प्रश्नाचा निकाल लावायचा. माझ्याकडे २.४ मीटरचा, १२५ लिटरचा फ्रीराइड बोर्ड (वेगात मोकळं भटकायचा आखूड बोर्ड) आहे आणि एक जुना, रुंद शिकाऊ बोर्ड अडगळीत पडून आहे. या दोघांचं काम हा एकटा करेल का? ‘सगळ्या वाऱ्यांसाठी’ असं वर्णन असलेल्या वस्तूंवर माझा फारसा विश्वास नाही, म्हणून वाऱ्यानुसार नोंदी ठेवतोय.

पहिलं गणित कागदावरच होतं. माझं वजन ७८ किलो, शीड, मास्ट आणि बूम (शिडाची हातात धरायची दांडी) मिळून १० किलो, बोर्ड १८. एकूण १०६. पाण्याचा एक लिटर म्हणजे जवळपास एक किलो, तेव्हा हा बोर्ड मला घेऊन वर ११० लिटरच्या पुढे तरंगशक्ती राखून ठेवतो. फ्रीराइड बोर्डाकडे हीच शिल्लक ३० लिटरच्या आत येते. वारा पडल्यावर त्या बोर्डावर उभं राहून दोरीनं शीड उचलताना पाय का थरथरतात, ते या आकड्यातच आहे.

५ मार्च

आज फक्त जमिनीवरची तपासणी.

मास्टचा पाया आणि बोर्ड यांच्यामधला लवचीक सांधा आधी पाहिला. हा पॉलियुरेथेनचा जाड दंडगोल असतो, आणि तो तुटला तर शीड एकीकडे आणि बोर्ड दुसरीकडे जातो. सरळ धरून पाहिलं तर नवा दिसत होता. पूर्ण वाकवला तेव्हा बाहेरच्या बाजूला, धातूच्या टोपीला लागून, केसासारख्या बारीक तीन-चार चिरा उघडल्या. सांधा बदलला. खालची सुरक्षा-दोरी ठीक होती, पण सांधा तुटल्यावर तिच्या भरवशावर लांबून परत येणं मला नको.

डॅगरबोर्ड जड चालत होता. बोर्ड उलटा करून फटीच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या बोटांनी बाजूला केल्या, तर पात्याच्या खोबणीत वाटाण्याएवढा खडा अडकलेला. तो पात्यावर रेघ ओढत होता. काढल्यावर पातं पायाच्या अंगठ्यानं हलायला लागलं. पाण्यात वेगात असताना हे पातं लाथेनं वर घ्यावं लागतं, त्यामुळे ते अंगठ्यानं हलणं ही चैन नव्हे.

हवेचा छोटा स्क्रू घट्ट आहे. आत फोम असलेल्या बहुतेक बोर्डांना तो असतो: ऊन किंवा विमानप्रवास असेल तर सैल करायचा, पाण्यात उतरण्याआधी आवळायचा.

९ मार्च. वारा ५ ते ७ नॉट (ताशी सागरी मैल), शीड ७.४ चौ.मी.

ज्या वाऱ्यात मी एरवी शीड लावायचीही तसदी घेत नाही, तो हा वारा. पाण्यावर नुसत्या बारीक सुरकुत्या.

डॅगरबोर्ड पूर्ण खाली, मास्ट पुढे, मी मास्टच्या लगेच मागे. बोर्ड निघाला आणि निघतच राहिला. फ्रीराइड बोर्ड या वाऱ्यात शेपटीनं पाणी ओढत बसतो; याच्या मागे जवळजवळ सपाट पाणी होतं.

पाणी कापत जाणाऱ्या नौकेच्या वेगाला तिच्या लांबीची मर्यादा असते. पाण्यातली लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, १.३४ नं गुणा, उत्तर नॉटमध्ये. ३.५ मीटर म्हणजे साडेअकरा फूट, म्हणून साडेचार नॉट. २.४ मीटरच्या बोर्डाला पावणेचारच्या आसपास. हे सूत्र जड होड्यांचं आहे, हलका आणि अरुंद बोर्ड त्याच्या थोडा पुढे जातो. पण खरा फरक त्या पाऊण नॉटाचा नाही. लांब बोर्ड आपल्या मर्यादेपर्यंत अगदी कमी जोरात पोचतो, आखूड बोर्डाला तिथवर जायलाच ढकलावं लागतं.

टॅक मारताना, म्हणजे नाक वाऱ्यातून फिरवून दिशा बदलताना, आणखी एक सुख: मास्टच्या पुढे चालायला जागा आहे. घाई नाही. शीड मागे टेकवायचं, नाक वाऱ्यात येऊ द्यायचं, मास्टला वळसा घालून पलीकडे जायचं. फ्रीराइडवर हीच हालचाल एका उडीत संपवावी लागते, नाहीतर नाक बुडतं.

१६ मार्च. वारा ९ ते ११ नॉट, शीड ७.४

आजचा विषय वाऱ्यावर चढणं, म्हणजे वारा येतो त्या बाजूला तिरकं जाणं. मी इथे मुद्दाम रेंगाळणार आहे, कारण लाँगबोर्ड कशासाठी असतो हे याच कामात कळतं.

फक्त फिनच्या जोरावर वाऱ्यावर चढायचं तर बोर्ड प्लेनिंग करत असला पाहिजे, म्हणजे पाण्यावर उचलून घसरत. ते होत नसेल तर फिन आडवं सरकणं पुरेसं थांबवत नाही आणि तासाभरानं आपण निघालो त्याच्या बरंच खाली किनाऱ्याला लागतो. मग बोर्ड डोक्यावर घेऊन परत चालायचं. फ्रीराइडवाल्यांना ही वारी ठाऊक आहे.

डॅगरबोर्ड असला की ती अट सुटते. पण तो नुसता खाली सोडून सरळ उभं राहिलं तर अर्धाच फायदा मिळतो. उरलेला अर्धा मिळतो बोर्ड कडेवर घेतल्यावर. मास्टची पट्टी पूर्ण पुढे. दोन्ही पाय वाऱ्याकडच्या कडेजवळ. वेग आला की डॅगरबोर्डच्या पात्यावरचा पाण्याचा दाब वाऱ्याकडची कड उचलायला लागतो. ती उचलू द्यायची, पूर्ण नाही, हातभर. वाऱ्याखालची (वारा जातो त्या बाजूची) कड पाण्यात रुतते आणि तीन मीटरची ती कड स्वतःच एक पातं होते. आता पावलं कडेच्या वळणावर टेकलेली, वजन हार्नेसमध्ये (बूमच्या दोरीत हूकनं अडकवायच्या कमरपट्ट्यात), शीड सरळ उभं. कड जास्त उठायला लागली की टाचांनी दाबायची, खाली बसली की शरीर जरा आत घेऊन सोडायची. किती उचलायची हे तळव्यांना कळतं. डोळ्यांनी ठरवायला गेलं की उशीर होतो.

दोन तरंगत्या खुणांमध्ये टॅक मारत चढलो. दोन टॅकमधला कोन काटकोनाच्या जवळपास. पलीकडे एकजण रुंद फ्रीराइड बोर्ड घेऊन झोताची वाट पाहत उभा होता. माझा वेग काही फार नव्हता, पण मला जिथे जायचं होतं तिथे मी जात होतो.

हार्नेसच्या दोऱ्या एक-दोन इंच लांब हव्यात. चढताना शीड उभं ठेवून शरीर बाहेर टाकता येत नाही.

१७ मार्च

वारा शून्य. शीड न लावता वल्हं घेऊन उभा राहिलो. डॅगरबोर्ड अर्धा खाली ठेवला तर बोर्ड सरळ जातो, नाहीतर नाक डावीउजवी करत राहतं. खास वल्ह्यासाठी बनवलेल्या बोर्डापेक्षा जड. चालतं, एवढंच. या कारणासाठी कुणी हा बोर्ड घेऊ नये.

२३ मार्च. वारा १२ ते १५, झोतांत १७. शीड ७.४

खरी परीक्षा आजची. हा बोर्ड एकात दोन असल्याचा दावा आहे, म्हणजे एकातून दुसऱ्यात जायचा क्षण सांभाळता आला पाहिजे.

कडेवर चढत वर गेलो, मग आडव्या वाऱ्याला वळलो. इथे डॅगरबोर्ड खालीच राहिला तर काय होतं? वेगाबरोबर पात्यावरचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. चढताना जी कड आपण लाडानं उचलू देत होतो, ती आता विचारत नाही. बोर्ड वाऱ्याखालच्या कडेवर उभा राहायला लागतो आणि कितीही दाबलं तरी खाली येत नाही. म्हणून वळतानाच, वेग वाढायच्या आधी, पायानं पातं मागे लोटायचं.

पातं आत जातं त्या क्षणी दुसरी गंमत. पाण्याखालचा आधार डॅगरबोर्डपासून सुटून एकदम मागे फिनवर जातो. शीडाचा जोर मात्र अजून पुढेच, कारण मास्टची पट्टी पुढे आहे. साहजिकच नाक वाऱ्याखाली पळायला लागतं. त्याला आवर घालायला शीड मागे झुकवायचं आणि लगेच पट्टीचं पेडल पुढच्या पायानं दाबून मास्ट मागे आणायचा. मास्ट मागे आला की नाक हलकं होतं, पुढचा अर्धा बोर्ड पाण्यावरून उठतो. मग हार्नेस, मग पुढचा पाय स्ट्रॅपमध्ये, मग मागचा.

क्रम असा बसला: वळा, पातं, पट्टी, हूक, पाय. पट्टी आधी आणि पातं नंतर असंही करून पाहिलं. तेव्हा मास्ट मागे आणि आधार पुढे अशी स्थिती होते आणि बोर्ड हट्टानं वाऱ्यात तोंड खुपसतो.

प्लेनिंग १२ नॉटच्या थोडं वर सुरू झालं. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो, तेव्हा ९ नॉटवरून १२ वर जाणं म्हणजे पावणेदोन पटीहून जास्त ताकद, आणि ते हाताला लगेच कळतं. शेपटीकडे तळाच्या दोन्ही कडा कापून वर घेतल्या आहेत, तळाला पायरी असल्यासारख्या. सावकाश चालताना त्या पाण्यात असतात आणि लांबी देतात; वेगात त्या सुटतात आणि मधल्या अरुंद भागावरच बोर्ड घसरतो. कागदावर वाचलं तेव्हा विक्रीची भाषा वाटली होती. पाण्यात ती पायरी सुटल्याचा आवाजही येतो: खळखळ थांबते, फस्स सुरू होतं.

परत चढायचं तेव्हा क्रम उलटा, पण आधी वेग मारायचा. प्लेनिंगमध्ये पातं खाली सोडणं म्हणजे पोहायची तयारी.

३० मार्च. वारा ८ ते १४, फार असमान. शीड ७.४

पायांनी वळवणं. इथे एक गोष्ट डोक्यात पक्की करावी लागते: सावकाश चालताना आणि प्लेनिंगमध्ये कडांचं वागणं उलटं आहे. सावकाश असताना, डॅगरबोर्ड खाली असेल तर, वाऱ्याकडची कड दाबली की नाक वाऱ्याखाली जातं. प्लेनिंगमध्ये वाऱ्याखालची कड दाबली की नाक वाऱ्याखाली जातं. आजच्यासारख्या वाऱ्यात एकाच जाइबमध्ये (शेपूट वाऱ्यातून फिरवून घेतलेल्या वळणात) दोन्ही नियम लागू होतात. सुरुवात वेगात, मधेच झोत संपतो, शेवट सावकाश.

वेगातला जाइब फ्रीराइडपेक्षा बराच मोठा वळसा मागतो. गुडघे वाकवून वजन पुढे ठेवलं तर बोर्ड वळणाच्या शेवटीही चालत राहतो, आणि शीड उलटवायला भरपूर वेळ मिळतो. आखूड बोर्डावर वळण झकास येतं, पण शीड उलटेपर्यंत बोर्ड थांबलेला असतो. मला हा लांबलचक जाइब आवडला. माझ्या तरुण मित्रांना आवडणार नाही.

६ एप्रिल. वारा ६ ते ८. शीड ३.५

आज भाचीला दिला. पोहणं उत्तम, शीड पहिल्यांदाच हातात. लाइफ जॅकेट घातलं, वारा किनाऱ्याकडे येणारा निवडला.

“मामा, हा इतका लांब आहे, वळणार कसा?”

“तू नाही वळवायचा, शीड वळवेल. शीड मागे झुकव, नाक वाऱ्याकडे येईल. पुढे झुकव, वाऱ्याखाली जाईल.”

थोड्या वेळानं ती जात होती, येत होती. शिकाऊ बोर्ड रुंद असतो म्हणून जास्त स्थिर, हे खरं. या बोर्डाची रुंदी ७० सेंटिमीटर, तेव्हा सुरुवातीला तो डावीउजवीकडे जास्त डुलला आणि ती पडलीही. पण डॅगरबोर्ड खाली असल्यामुळे वाहून गेली नाही, आणि शिकाऊ माणूस कंटाळतो तो मुख्यतः वाहून जाण्याला.

“आता हा बोर्ड मला दे आणि तू तुझा आखूड घे,” असं शेवटी ऐकावं लागलं.

१३ एप्रिल

वारा २५ च्या वर आणि किनाऱ्यावरून पाण्याकडे. उतरलो नाही. असा वारा किनाऱ्याशी सपाट पाणी दाखवतो आणि आत नेऊन सोडतो. शीड उभं करता येत नसेल तर बोर्ड सोडून पोहत सुटायचं नाही, त्यावर बसून दोन्ही हात वर-खाली हलवत मदत मागायची. पण त्याहून बरं म्हणजे किनाऱ्यावर बसणं.

बसल्या बसल्या जुने आकडे चाळले. हॉयल श्वाइत्झर आणि जिम ड्रेक यांनी कॅलिफोर्नियात बनवलेला, १९६८ मध्ये पेटंटसाठी अर्ज केलेला बोर्ड लांबच होता, साधारण १२ फुटांचा, डॅगरबोर्डासह. रॉबी नेश १९७६ मध्ये १३ व्या वर्षी जगज्जेता झाला तो असल्याच बोर्डावर. ऑलिंपिकमध्ये विंडसर्फिंग आलं १९८४ ला, लॉस एंजेलिसमध्ये. १९९६ ते २००४ या तीन ऑलिंपिकमध्ये मिस्ट्राल वन डिझाइन होता: ३.७२ मीटर लांब, ७.४ चौ.मी. शीड. २००८ पासून आरएस:एक्स आला, लांबी २.८६ मीटर, रुंदी ९३ सेंटिमीटर. आखूड आणि रुंद, पण डॅगरबोर्ड होताच. २०२४ ला पॅरिसमध्ये फॉइल (पाण्याखालच्या पंखावर बोर्ड उचलणारा) आला आणि डॅगरबोर्ड गेला.

माझं मत: फॉइल कमी वाऱ्यात अफाट वेग देतो, पण त्याला खोल पाणी लागतं, आणि पाच नॉटमध्ये तोही बसूनच राहतो. ऑलिंपिकमधून डॅगरबोर्ड जाणं हा शर्यतीचा निर्णय आहे. संध्याकाळी दोन तास पाण्यावर जाणाऱ्या माणसाला तो लागू होत नाही.

२० एप्रिल. वारा १८ ते २२, शीड ५.८

मर्यादा सापडली. पाण्यावर सगळीकडे पांढरे तुरे. बोर्ड प्लेनिंगला निमिषात येतो, पण पुढचा दीड मीटर हवेत असतो आणि प्रत्येक लाटेवर आपटतो. झोत नाकाखाली शिरला की बोर्ड उडू पाहतो. मास्टची पट्टी मधोमध आणली, बूम थोडी खाली घेतली, तेव्हा बराच शांत झाला. ४६ चा फिन या वेगाला फार मोठा, शेपूट उचलतो आणि बोर्ड एका कडेवर कलायला लागतो. पस्तीसच्या आसपासचा फिन हवा.

चालवता आलं. मजा? पाऊण तास. फ्रीराइड बोर्ड या वाऱ्यात सुखानं लाटांवरून जातो.

एक फायदा मात्र याही वाऱ्यात: मधेच वारा आठवर पडला तेव्हा पातं खाली टाकून मी सरळ परत आलो. आखूड बोर्डावर असतो तर पाण्यात लोंबकळत आलो असतो.

२७ एप्रिल. वारा ७ ते ९, कंबरेएवढ्या लाटा, शीड ५.८

अशा लाटांवर आखूड बोर्डाला वारा पुरत नाही. हा बोर्ड वल्ह्याशिवाय, शीडाच्या एका-दोन झटक्यांवर लाट पकडतो. पकडली की पातं वर, दोन पावलं मागे. तसं न केल्यास लांब नाक खाली खड्ड्यात घुसतं. वळणं मोठी, सावकाश. लाट फुटायच्या जागी मात्र १८ किलोचा साडेतीन मीटरचा बोर्ड आपल्यावर येऊ शकतो, त्यामुळे आजूबाजूला पोहणारे असतील तिथे अजिबात नाही.

४ मे. वारा १० ते १६, शीड ७.४

मित्राबरोबर अदलाबदल करत दोन्ही बोर्ड एकाच वाऱ्यात चालवले. तो माझ्याहून बराच हलका.

“अरे, बारापर्यंत तुझ्या आखूड बोर्डाला काही अर्थच नाही,” हे त्याचं पहिलं वाक्य. पंधराला त्यानं तोच बोर्ड परत द्यायला नकार दिला.

दोघांचं एकमत झालेला भाग: १२ च्या खाली लाँगबोर्ड निर्विवाद. १३ ते १६ मध्ये आडव्या वाऱ्याला फ्रीराइड थोडा पुढे, पण वाऱ्यावर चढून वळसा पूर्ण करायचा असेल तर लाँगबोर्ड आधी पोचतो, विशेषतः वारा असमान असेल तेव्हा. झोतांच्या मधल्या खड्ड्यांत फ्रीराइड उतरतो आणि पुन्हा उठायला वेळ घेतो. १७ च्या वर फ्रीराइड.

मतभेद फक्त उचलण्यावर. त्याच्या मते १८ किलो एकट्यानं गाडीच्या टपावर चढवणं हीच या बोर्डाची खरी मर्यादा आहे. आधी शेपूट जमिनीवर, नाक टपाच्या मागच्या दांडीवर, मग ढकलायचा. असं केलं तर जमतं. त्याला पटलं नाही.

१० मे

उत्तर: दोघांचं काम एकटा करत नाही. शिकाऊ बोर्डाचं पूर्ण करतो, फ्रीराइडचं १५ पर्यंत. पण मी बोर्डांची तुलना करत होतो तेव्हा माझ्या इथला वारा बहुतेक वेळा कितीचा असतो हेही डोक्यात होतं. तो सहा ते तेराच असतो, आणि तिथे हा बोर्ड एकटाच आहे.

शिकाऊ बोर्ड देऊन टाकतोय. फ्रीराइड राहील, ५.८ आणि त्याहून लहान शिडांसाठी. मालकाला विचारलं, तो विकायला तयार आहे. डॅगरबोर्डच्या फटीच्या पट्ट्या एका बाजूला सुटल्यात, त्या आधी बदलून द्यायचं ठरलं. फूटस्ट्रॅप एक भोक आत आणि पुढे घेणार, मागचे दोनऐवजी एकच, मधोमध. ३६ चा फिन शोधतोय. भाचीसाठी ४.५ चं शीड लागेल.